काँक्रीट रस्त्याच्या कामात जुने कडुनिंब कसे वाचवायचे? आणि नवीन झाडं कोणती, किती लावायची?

कॉलनीकर, जळगाव

राम राम मंडळी. आमच्या कॉलनीतला डांबरी रस्ता आता काँक्रीटचा होणार आहे. भिंत ते भिंत 9 मीटर रुंदी, लांबी साधारण 180 मीटर. पश्चिमेकडच्या कंपाउंड भिंतीपासून दीड मीटरवर 14 जुने कडुनिंब आहेत. बहुतेकांचा घेर छातीच्या उंचीला दीड मीटरच्या आसपास, पाच झाडं त्याहून जाड. माती भारी काळी, दोन-अडीच फुटांखाली मुरूम लागतो.

नकाशात साडेपाच मीटर काँक्रीट मधोमध, दोन्ही भिंतींलगत गटार आणि उरलेल्या जागेत पेव्हर ब्लॉक दाखवलेत. पाच जाड झाडं काँक्रीटच्या कडेत येतात म्हणून ती काढायची आणि बाकीची नऊ "ठेवायची" असं ठेकेदाराचा माणूस सांगतो. त्या पाचच्या बदल्यात कॉलनीनं 60 रोपं लावावीत अशी चर्चा आहे. शेवटी 30 बाय 30 मीटरचा ओपन स्पेस आहे, तिथं नळाचं पाणी नाही, टँकरच मागवावा लागेल.

प्रश्न असे: गटार आणि रस्ता बुंध्यापासून किती लांब हवा? पाच झाडांची परवानगी कशी असते, हरकत कुठे घ्यायची? आणि 60 रोपं आपल्याकडच्या उन्हात जगवायची तर काय करावं?


साइटवरचा

भाऊ, त्या पाचपेक्षा मला काळजी त्या "ठेवायच्या" नऊ झाडांची वाटते. पाच कागदावर तरी जातील. नऊ मात्र उभी राहतील, दोन-तीन पावसाळ्यांत शेंड्याकडून वाळत येतील किंवा वादळात भिंतीवर आडवी होतील, आणि तेव्हा कोणी रस्त्याच्या कामाकडे बोट दाखवणार नाही.

कारण मुळांत आहे. मोठ्या झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही जातात. रस्त्याचं काम म्हटलं की सगळे गटाराचं बोलतात, पण खरी कत्तल बॉक्स कटिंगमध्ये होते. काँक्रीटच्या खालचे थर बसवायला रस्ता दीड फूट उकरतात, म्हणजे नेमका मुळांचाच थर उचलला जातो. तुमच्या नकाशात एका बाजूला काँक्रीटची कड बुंध्याला चिकटते, दुसऱ्या बाजूला गटाराचा चर दोन फुटांवर. दोन्हीकडची मुळं तुटलेलं झाड तोल सांभाळू शकत नाही.

आता मापं. घेर 150 सेंटीमीटर म्हणजे बुंध्याचा व्यास सुमारे 48. परदेशी मानकांत व्यासाच्या बारापट त्रिज्येत खोदकाम नको म्हणतात, म्हणजे इथं पावणेसहा मीटर. 9 मीटरच्या गल्लीत ते शक्य नाही. मग निदान व्यासाच्या तिप्पट अंतर बुंध्याच्या कडेपासून सोडा आणि खोदकाम एकाच बाजूला ठेवा. तुमच्या झाडांना हे अंतर सुमारे 1.45 मीटर येतं. त्याच्या आत जाड मुळं तोडली की झाड धोकादायकच समजायचं.

जागा बसते का? बसते. पश्चिमेचं गटार रद्द करा आणि रस्त्याला पूर्वेकडे एकतर्फी उतार द्या. रुंदी साडेपाचऐवजी पाच मीटर घ्या. पूर्वेच्या भिंतीलगत 60 सेंटीमीटरचं गटार, त्याला लागून पाच मीटर काँक्रीट, मग पश्चिमेला 3.40 मीटर पट्टा मोकळा राहतो. झाडं भिंतीपासून दीड मीटरवर, म्हणजे काँक्रीटची कड बुंध्याच्या मध्यापासून 1.90 मीटरवर आली. 2 टक्के उतार धरला तर पाच मीटरमध्ये फक्त 10 सेंटीमीटरचा फरक पडतो, गाडीला जाणवतही नाही. पश्चिमेकडच्या घरांचं सांडपाणी रस्त्याखालून पाइपनं पूर्वेच्या गटारात न्या, मात्र प्रत्येक पाइप दोन झाडांच्या बरोब्बर मध्यातून टाका. पाच जाड झाडांसमोर तिप्पट अंतर जास्त भरेल, तिथं कड आणखी फूटभर आत घ्या. गटाराची एक बाजू वाचल्यानं इस्टिमेट कमीच होतं, वाढत नाही. अभियंत्याशी बोलताना ही गोष्ट पहिल्यांदा सांगा, झाडांचं पुण्य नंतर.

काम चालू असताना झाडांच्या पट्ट्यात जेसीबी येऊ द्यायचा नाही. जेसीबीचा दात मूळ कापत नाही, ओढतो, आणि ते बुंध्यापर्यंत चिरत जातं. कडेला खोदायचंच असेल तर कुदळ-पहारीनं. अंगठ्याएवढं मूळ आडवं आलं तर करवतीनं सरळ कापा. मनगटाएवढं असेल तर कापू नका, पाइप खालून सरकवा. उघडी पडलेली मुळं त्याच दिवशी ओल्या गोणपाटाखाली गेली पाहिजेत. मे महिन्यात दुपारभर उघडं राहिलेलं बारीक मूळ संपलं. सिमेंटचं मिक्सर धुतलेलं पाणी, खडी, वाळू, यातलं काही पट्ट्यात नको. आणि लेव्हल मिळवण्यासाठी बुंध्याभोवती अर्धा फूट मुरूम टाकतात ना, तेही नको. वरून भर पडली की मुळांना हवा मिळत नाही.

पेव्हर ब्लॉकचं म्हणाल तर 2013 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं. पत्रात त्याचा दाखला द्या, पण मागणी मात्र संपूर्ण 3.40 मीटर पट्टा मातीचा ठेवण्याची करा. चालायला ब्लॉक हवेतच तर कडेला मीटरभर, खाली वाळू, सिमेंटचा थर नाही.


नियमावली

ताई किंवा दादा जे असाल ते, परवानगीचं सांगते.

कायदा आहे महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975. तो महापालिकेच्या स्वतःच्या रस्त्यालाही लागू आहे. "वर्क ऑर्डर आहे" म्हणजे तोडायची परवानगी आहे असं नाही, ते दोन वेगळे कागद आहेत. आणि या कायद्यात झाड तोडणे म्हणजे फक्त बुंध्याला करवत लावणं नाही. जाळणं, कापणं, कोणत्याही प्रकारे इजा करणं हे त्यातच येतं. वर सांगितलेली मुळांची तोड याच वाक्यात बसवा.

अर्ज महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे जातो. तो जागा पाहतो, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो आणि झाडावरही नोटीस लावतो. झाडावर कागद दिसला की त्याचा फोटो तारखेसह काढा आणि नोटिशीतल्या मुदतीत लेखी हरकत द्या. पोहोच घेतल्याशिवाय परत यायचं नाही. नोटीसच न लागता करवत आली तर तोच तुमचा पहिला मुद्दा. हरकतीत "झाडं तोडू नका" एवढंच लिहिलं तर ती बाजूला पडते. प्रत्येक झाडाला खडूनं क्रमांक द्या. क्रमांक, जात, घेर, भिंतीपासूनचं अंतर, फोटो असा तक्ता जोडा, आणि सोबत वरचा पर्यायी छेद, म्हणजे भिंत ते भिंत रस्त्याची आडवी मांडणी, काढून द्या. पर्याय समोर असताना तोडीला मंजुरी द्यायची तर अधिकाऱ्याला कारण लिहावं लागतं.

2021 च्या दुरुस्तीनंतर दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड "वारसा वृक्ष" धरलं जातं. आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं बदल्यात लावावी लागतात. म्हणजे पाच कडुनिंब 40-40 वर्षांचे निघाले तर बदल्यात 200 झाडं, 60 नव्हेत, आणि ती जबाबदारी तोड मागणाऱ्याची, कॉलनीची नव्हे. त्यामुळे वय ठरवणं महत्त्वाचं. कॉलनीच्या ले-आउट मंजुरीचं वर्ष काढा. या कायद्यानुसार दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची असते, तिच्या नोंदवहीत तुमच्या गल्लीची पानं असतील तर तीही मागा. माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपये लागतात, उत्तराची मुदत 30 दिवस. रस्त्याचं इस्टिमेट, मंजूर छेद आणि वृक्षतोडीच्या परवानगीची प्रत, तिन्ही एकाच अर्जात मागा.


उन्हाया, धुळे

60 चा आकडा कुठून आला? आधी जागा मोजा. 180 मीटरच्या ओळीत मोठ्या झाडांना 8 मीटर अंतर धरलं तर 22 जागा, त्यातल्या 14 भरलेल्या. म्हणजे आठ नवीन. पूर्वेला गटार आलं की तिकडे एकही नाही. ओपन स्पेसमध्ये चौफेर साडेसात मीटरवर 16. झाली 24. बाकीची 36 फोटोपुरती लागतील आणि संक्रांतीपर्यंत वाळतील.

खड्डे आत्ता एप्रिल-मेमध्ये काढा आणि तापू द्या. तीन बाय तीन फूट, खोली अडीच-तीन फूट, म्हणजे मुरमापर्यंत पोहोचाल. ट्रॅक्टरच्या ड्रिलनं गोल खड्डे काढले तर भारी काळ्या मातीत भिंती घोटल्यासारख्या गुळगुळीत होतात. पावसात त्याचा हौद होतो, पाणी मुरत नाही आणि रोप बुडून मरतं. लोक म्हणतात पाणी कमी पडलं. ड्रिल वापरलंच तर पहारीनं भिंती खरवडा आणि तळाचा मुरूम फोडा. भरताना तीच माती तीन हिस्से, एक हिस्सा कुजलेलं शेणखत, पाव किलो निंबोळी पेंड. निव्वळ खत आणि वाळू भरू नका. मुळं त्या खड्ड्यातच घुटमळतात, बाहेरच्या काळ्या मातीत शिरत नाहीत.

रोप सहा-सात फुटी, बुंधा अंगठ्याएवढा. रोपवाटिकेत एका पिशवीतली हुंडी, म्हणजे मुळांसकट मातीचा गोळा, काढून बघा. मुळं तळाशी गोल गुंडाळलेली असतील तर तो लॉट नको. तीच मुळं आठ-दहा वर्षांनी बुंध्याला फास लावतात. लागवड चांगला पाऊस मुरल्यावर, जूनअखेर ते जुलै. पिशवीत माती जिथपर्यंत होती तिथपर्यंतच गाडा, उलट दोन बोटं वर ठेवा, भरलेली माती बसते. दोन बांबू हुंडीच्या बाहेर रोवा, सायकलच्या जुन्या ट्यूबनं सैल आठाचा फास घाला आणि वर्षानं काढून टाका. लोखंडी जाळीसुद्धा तीन-चार वर्षांनी काढायची असते. ती राहते आणि बुंधा तिच्यातून वाढतो, शहरभर हे बघायला मिळेल.

झाडं कोणती? भारी काळ्या मातीत रस्त्याला करंज आणि शिरीष. कडुनिंब तर आहेच, फक्त पाणी तुंबणाऱ्या जागी नको. ओपन स्पेसमध्ये चिंच, वावळ, सखल कोपऱ्यात अर्जुन, आणि मधोमध एक वड. भिंतीपासून वड किमान दहा मीटर लांब. अंजन आपल्या सातपुड्याचं झाड म्हणून सगळ्यांना हवं असतं, पण ते उथळ मुरमाड जमिनीचं आहे, तुमच्या काळ्या मातीत हट्ट करू नका. विजेच्या तारांखाली आपटा, कांचन, पारिजातक. गुलमोहर वाऱ्यात मोडतो. कोनोकार्पस हे परदेशी झाड फुकट मिळालं तरी नको. गुजरातनं 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे.


कॉलनीकर, जळगाव

खूपच नेमकं मिळालं, धन्यवाद. तीन शंका उरल्या. एक जण म्हणतात ती पाच झाडं मशीननं उचलून ओपन स्पेसमध्ये पुनर्रोपण करू. दुसरे म्हणतात ओपन स्पेसमध्ये मियावाकी, म्हणजे दाट रोपं लावून छोटं जंगल करा, 900 चौरस मीटरमध्ये अडीच हजारांवर रोपं बसतात, आकडाही मोठा दिसतो. तिसरं, 24 झाडांना पाणी नक्की किती?


साइटवरचा

पुनर्रोपणाची मातीची हुंडी व्यासाच्या आठ-दहापट रुंद लागते. 48 सेंटीमीटरच्या कडुनिंबाला चार-पाच मीटरची हुंडी, अर्ध्या गल्लीएवढी. ती भिंत पाडल्याशिवाय निघणार नाही. मग काय करतात, दीड मीटरची हुंडी काढतात, फांद्या छाटून खांब करतात, नेऊन रोवतात. त्यात अंगातल्या साठ्यावर पालवी फुटते, तिचा फोटो निघतो, पुढच्या मेमध्ये खांब वाळतो. वड-पिंपळ-उंबर हे त्या मानानं सोसतात. रस्ता पूर्वेकडे सरकवणं यापेक्षा कितीतरी स्वस्त.


उन्हाया, धुळे

मियावाकीला माझा सरसकट विरोध नाही. धुळीच्या रस्त्याच्या कडेला, कारखान्याच्या आवारात दाट पट्टा म्हणून चालतं. पण कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये लोकांना झाडाखाली बसायचं असतं, पोरांना खेळायचं असतं. चौरस मीटरला तीन झाडं लावली की आत माणूस शिरत नाही, आणि अडीच हजार रोपांना दोन-तीन वर्षं पाणी देणं तुमच्या टँकरच्या ऐपतीबाहेर आहे. फार वाटलं तर एका कडेला तीन मीटरचा पट्टा करा.

पाण्याचा हिशेब. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबर ते फेब्रुवारी, आठ-दहा दिवसांनी झाडाला 20 लिटर. 1 मार्च ते 20 जून, दर पाच दिवसांनी 25 लिटर. 24 झाडं म्हणजे एका पाळीला 600 लिटर, 22 पाळ्या, 13,200 लिटर. उन्हाळ्याला पाच हजार लिटरचे तीन टँकर झाले. 60 झाडांना हेच 33,000 लिटर, सात टँकर. दुसऱ्या वर्षी पाळी दहा दिवसांवर न्या पण पाणी दुप्पट करा. तिसऱ्या उन्हाळ्यात महिन्यातून दोनदा भरपूर. रोज बादलीभर पाणी घातलं तर मुळं वरच राहतात आणि पहिल्या चुकलेल्या आठवड्यात झाड मान टाकतं.

टँकरवाल्याला मात्र पाळीपाळीनं बोलवू नका. ओपन स्पेसमध्ये पाच हजार लिटरची टाकी चार फूट उंच ओट्यावर ठेवा. 16 झाडांना लॅटरल, म्हणजे ठिबकची बारीक नळी टाका, प्रत्येकाला तासाला 4 लिटरचे दोन ड्रीपर, बुंध्यापासून एक-एक फुटावर दोन बाजूंना. तीन तासांत 24 लिटर. पण टाकीच्या उंचीवर प्रेशर कमी पडतं, म्हणून पहिल्यांदा खाली बाटली लावून मोजा आणि वेळ ठरवा. केळीच्या बागेतली जुनी लॅटरल स्वस्तात मिळते, क्षारांनी तुंबलेले ड्रीपर तेवढे नवे घाला. आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना देऊ नका, त्यात सगळे क्षार गोळा झालेले असतात. एसीचं पाणी चालतं.

काळ्या मातीची खरी खोडी भेगांची. मार्चपासून जमीन फाटते, बारीक मुळं तुटतात, आणि आळ्यात ओतलेलं पाणी भेगेतून सरळ खाली निघून जातं. म्हणून पाण्याआधी आळं खुरप्यानं हलवून भेगा बुजवा आणि वर वीतभर आच्छादन द्या. वाळलेला केळीचा पाला, उसाचं पाचट, कपाशीच्या पऱ्हाट्यांचा भुगा, जे जवळ मिळेल ते. बुंध्यापासून चार बोटं लांब ठेवा, नाहीतर वाळवी थेट खोडाला लागते. करंज-शिरीषाच्या कोवळ्या खोडाला दुपारचं ऊन पश्चिमेकडून भाजतं, साल फाटते आणि तिथून कीड शिरते. पहिली दोन वर्षं मार्चमध्ये खोडाच्या त्या बाजूला चुना फासा किंवा गोणपाट सैल गुंडाळा.


नियमावली

एक राहिलं. मेअखेर तारांखालच्या फांद्या छाटायला माणसं येतात. तेव्हा कॉलनीतलं कोणीतरी हजर राहा. शेंडा सपाट कापला की त्याच जागी दहा कमजोर फुटवे येतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा तारेला लागतात. तारेकडे जाणारी अख्खी फांदी तिच्या मुळापासून काढायला सांगा, बाकीची राहू द्या. एकूण हिरव्या फांद्यांच्या चौथाईहून जास्त एका वेळी नको.


साइटवरचा

ती छाटणीही तीन कापांत करायला लावा. आधी बुंध्यापासून फूटभर लांब खालून एक तृतीयांश काप, मग त्याच्या दोन बोटं पुढे वरून, फांदी सालीची पट्टी न ओढता पडते. उरलेला खुंट फांदीच्या फुगीर गळ्याच्या बाहेरून काढायचा. जखमेवर डांबर, पेंट काही लावू नका.

आणि काम सुरू होण्याआधी एक करा. वर्क ऑर्डर निघाली की पंधरा दिवस आधीपासून त्या 14 कडुनिंबांना आठवड्यातून एकदा दोन-दोनशे लिटर पाणी द्या, बुंध्याशी नाही, दीड-दोन मीटर बाहेर. तुम्ही म्हणाल कडुनिंबाला कशाला पाणी. डांबरी रस्ता आणि काँक्रीट यांच्या मधल्या महिन्या-दोन महिन्यांत कडेची मुळं उघडी असतात, त्या वेळी ओलावा अंगात असलेलं झाडच ती तोड भरून काढतं. काम संपल्यावरचा पहिला पूर्ण उन्हाळाही हेच पाणी चालू ठेवा. पट्ट्याच्या कडेला बांबूचं कुंपण आधी उभं करा, दोन फूट उंच चालेल. ड्रायव्हरला कुंपण दिसलं की तो गाडी वळवतो. नुसती चुन्याची रेघ पहिल्या दिवशीच खडीखाली जाते.